घरच्यासारखं

"आणि हां आई, तिकडे मराठी नाही बोलायची. बिलकुल नाही. चारही दिवस हिंदीच."

नागसेननं हे लॅपटॉपवरून मान न उचलता सांगितलं. मालवणच्या किल्ल्याची बोट सकाळी घ्यायची की दुपारी आणि ऐश्वर्यानं उन्हाची टोपी घेतली की नाही, या दोन गोष्टींच्या मध्ये, चार्जर विसरू नको म्हणावं तसं. ललिता सोफ्यापाशी सतरंजीवर बसून लाखोडीची पालेभाजी निवडत होती. कोवळे शेंडे ताटात, जून काड्या पेपरावर. तिचा हात थांबला. पुन्हा सुरू झाला तेव्हा शेंडे पेपरावर पडायला लागले आणि काड्या ताटात, आणि हे तिच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं. कानात एक आवाज सुरू झाला होता. आवाज तिच्या ओळखीचा होता. उभी नोकरी तिनं भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. लाईन मध्येच कुठं तुटली की कानात जो एकसुरी ऊं राहतो, तोच हा. तिकडचा माणूस आपला बोलतच असतो. इकडच्याच्या कानात नुसता ऊं.

"काय म्हनलं तू?"

"हिंदी बोल म्हटलं. सिंपल है."

"कावून?"

"असंच गं. टूरिस्ट लोक सगळे हिंदीच बोलतात."

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला जानराव बसला होता. रोलिंग मिलमध्ये जन्म घालवून त्यानं कान तिथंच ठेवले होते. ओठ हलताना दिसले की आपल्याबद्दलच चाललंय असं धरून तो बोलायचा, आणि बोलायचा म्हणजे मिल अजून चालूच आहे अशा आवाजात. "काय म्हन्ते तो? महाड घेतलं का नाई त्यात?"

"बाबा, महाड रूट में नहीं आता!" नागसेन ओरडला. "आपण प्लेननं गोव्याला उतरून राहिलो. तिथून टॅक्सी. महाड खूप वर राहून जातं."

"हेरिटेज हेरिटेज करून राहिला ना तू? मग चवदार तळं काय हाये? आपलं हेरिटेज थेच हाये. आपल्या लोकायनं ओंजळभर पानी पेलं तिथं, साऱ्या गावाच्या नाकावर टिच्चून."

"नेक्स्ट टाइम, बाबा."

जानरावला 'नेक्स्ट टाइम' ऐकू आलं नाही, पण त्यानं मान हलवली आणि टीव्हीकडे पाहायला लागला. टीव्हीचा आवाज बंदच असायचा. ललिता ताटातल्या काड्या वेचून काढत होती.

समुद्र पाहायचा ही गोष्ट मुळात तिची. म्हणजे तिनं कधी मागितली नव्हती. पण रिटायर होऊन कारखान्याचं सेक्टर दहाचं क्वार्टर सोडून हुडको वस्तीतल्या या घरात आल्यावर एकदा टीव्हीवर लाटा दिसल्या आणि तिच्या तोंडून निघून गेलं की याचा आवाज कसा असन काय माहीत. नागसेननं ते ऐकून ठेवलं. चांगला पोरगा. रायपूरला नोकरी करतो, रोज कुम्हारीच्या ट्रॅफिकमधून धूळ खात जातो-येतो, आणि आल्यावर आईला विचारतो, जेवली का. त्यानंच ते घर शोधलं. समुद्राकाठचं एक जुनं घर, जांभ्या दगडाचं, कौलारू, पुढं ओटी, ओटीवर लाकडी झोपाळा, बाजूला विहीर, आणि माडांच्या मागं निळी पट्टी. फोटोखाली मराठीत लिहिलं होतं: दोनशे वर्षांचा वारसा, घरच्यासारखं वातावरण, घरच्यासारखं जेवण. तो फोटो त्यानं तिच्या मोबाईलवर पाठवला होता आणि तिनं तो दिवसातून कितीदा तरी उघडला होता. बोटांनी मोठा करून ती झोपाळ्याच्या कड्या पाहायची. विहिरीचा रहाट पाहायची. तिला वाटायचं, या झोपाळ्यावर बसून आपण त्या घरच्या बाईशी बोलू. मराठीत. भिलाईत घराबाहेर मराठी बोलायला माणूस शोधावा लागतो. तिथं सगळेच. भाजीवाला मराठी, टॅक्सीवाला मराठी, बोटीवाला मराठी. आपण जिच्यात स्वप्नं पाहतो ती भाषा अख्ख्या गावाची असते म्हणजे काय असतं, हे तिला एकदा पाहायचं होतं. समुद्रापेक्षा जास्त तेच पाहायचं होतं, खरं सांगायचं तर. आणि पोरगा म्हणतो, मराठी नाही बोलायची.

त्या दुपारी तिनं स्वतःशी कारण लावून टाकलं. कारण सोपं होतं. आपलं मले-तुले. पुण्याला सुजाताच्या, म्हणजे भाचीच्या, लग्नात जेवणाच्या रांगेत ती वाढणाऱ्याला म्हणाली होती, "मले भात नोको, दादा." मागं उभ्या असलेल्या एका बाईनं, चांगली रेशमी साडी नेसलेल्या, आपल्या मैत्रिणीकडे वळून ओठ न उघडता हसून म्हटलं, "मले!" एवढंच. शिवी नाही, काही नाही. नुसतं 'मले' परत केलं, भांड्याला पोचा आहे म्हणून दुकानदाराला परत करावं तसं. ललितानं त्या दिवशी भात घेतला आणि टाकला. तिथं नागसेन होता, दहावी-अकरावीतला, प्लेट धरून. त्यानं ऐकलंच असणार. ऐकून आत कुठंतरी ठेवलं असणार. म्हणजे पोराला आपली लाज वाटते. ठीक आहे. लाज वाटायला जागा पाहिजेच ना माणसाला. लहानपणी शाळेच्या गेटवरसुद्धा तो तिचा पदर ओढून म्हणायचा, मम्मी, बाहर हिंदी में बोलो ना. तेव्हा ती हसायची. एक्सचेंजमध्ये ती दिवसभर हिंदीच बोलायची, थोडी इंग्रजी. मराठी ही घरी आल्यावर गाऊन घालावा तशी घालायची गोष्ट होती, मऊ झालेली, काखेत उसवलेली, बाहेरच्यानं दार वाजवलं की वरून ओढणी घ्यायची अशी.

म्हणून मग ती स्वैपाकघरात 'मला' शिकायला लागली. साठीची बाई, जिच्या आवाजावर एकेकाळी अख्खा कारखाना चालायचा, ती कुकरच्या शिट्टीच्या आडोशानं पुटपुटायला लागली. मला भात नको. मला पाणी हवं. आम्हाला झोपाळ्यावर बसायचं आहे. जीभ ऐकायची नाही. 'आम्हाला' म्हणता म्हणता आमाले यायचं, आणि आलं की ती स्वतःच्या मांडीला चिमटा काढायची. हे करताना तिला हसू यायचं आणि त्याच्या मागोमाग काहीतरी फार वाईट यायचं, ज्याला ती नाव देत नव्हती. मध्येच तिला वाटायचं, आपण बोलू 'मला', पण जानरावचं काय? बहिऱ्या माणसाला हळू बोल कसं सांगतात? त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, तर भाषा कुठून कळणार. तो त्या ओटीवर उभा राहून साऱ्या कोकणाला ऐकू जाईल असं म्हणणार, "ललिता, इकडं ये व, समुद्र पाय!" तिनं हे नागसेनला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "बाबांना सांगू, डॉक्टरनं बोलायला मनाई केली. गला खराब है." त्यावर दोघंही हसले. हसता हसता तो उठून बाथरूममध्ये निघून गेला, आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

जानरावचा गळा. या गळ्यानं त्यानं मिलच्या आवाजावर आवाज केला होता. त्याच्या हेल्मेटवर पुढं पांढऱ्या रंगात आडनाव लिहिलेलं असायचं, खोब्रागडे, आणि शिफ्टमध्ये कुणालाच ते धड म्हणता यायचं नाही. बिहारी म्हणायचे खोपरागढ़ी, जणू एखादा किल्लाच. तेलुगू लोक पहिल्या अक्षरावरच अडकायचे. केरळचा एक फोरमन होता, कुट्टी साहेब, तो हेल्मेट वाचून जो हसला तो हसतच राहिला. म्हणाला, कोप्रा! आमच्या घरी अंगणात वाळत घालतात ते! त्या दिवसापासून जानराव साऱ्या मिलमध्ये मिस्टर कोप्रा. कुट्टी साहेब सुट्टीवरून आला की त्याच्यासाठी नारळ आणायचा, ये लो कोप्रा, तुम्हारा भाई आया है. जानराव घरी येऊन सांगायचा, ललिताही हसायची, आणि सासरे, बाबाराव, खाटेवर बसून ऐकायचे. बाबाराव भंडारा जिल्ह्यातलं तुमसरकडचं गाव सोडून कारखाना उभा राहायच्या वेळी इथं आले होते, माती वाहायला. एकदा ते म्हणाले होते, आणि ते ललिताला त्यांच्या विडीच्या वासासकट आठवतं: "हसू दे, पोरी. गावात आपलं नाव सांगतलं की समोरचा एक पाऊल मांगं सरकायचा. इथं नाव सांगतलं तं हासते. लय फरक हाये." मग धूर सोडून: "इथं आपल्या नावाचा कोनाले वास येत नाई." किती साधी गोष्ट. लोक म्हणतात कारखान्यानं नोकरी दिली, क्वार्टर दिलं, दवाखाना दिला. बाबारावांना कारखान्यानं जे दिलं ते कुठल्याच पगारपत्रकात नव्हतं. देशभरातून आलेली माणसं एकमेकांची आडनावं वाचू शकत नव्हती. बस. इतकीच ती सुखाची गोष्ट होती, आणि त्यावर तीन पिढ्या निघाल्या. नागसेनला आपण नागसेन नाव ठेवलं तेही त्याच भरवशावर, छाती काढून. इथं कोण विचारणार होतं?

हे सगळं तिच्या मनात होतं, पण तुकड्यातुकड्यांत. एक तुकडा दुसऱ्याला लागत नव्हता. लावला ऐश्वर्यानं, तोही लावायचा नसताना.

ऐश्वर्या सून. कुम्हारीची, छत्तीसगढी घरची, माहेरचं आडनाव वर्मा. कॉलेजात दोघांचं जमलं आणि दोन्हीकडची माणसं थोडी रडून गप्प झाली. ती ललिताला आई म्हणायची आणि बाकी सगळं हिंदीत. रविवारी सकाळी ती कोथिंबीर घेऊन स्वैपाकघरात आली तेव्हा ललिता भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगत होती, "तुमचं घर मला फार आवडलं."

"किससे बात कर रही हो आई?"

ललिता लाजली. लाजून तिनं सगळं सांगून टाकलं, पुण्याच्या भातासकट. ऐश्वर्या आधी खळखळून हसली, "हाय राम, आप प्रॅक्टिस कर रही थीं?" आणि मग तिचं हसू जागच्या जागी थिजलं. कोथिंबिरीची जुडी तिनं ओट्यावर ठेवली.

"नहीं आई. वो बात नहीं है. मले-तुले वाली बात नहीं है. इनने आपको बताया नहीं?"

"काय नाई सांगतलं?"

"छोड़ो. इनसे पूछ लेना."

"आता बोलली तं बोल पुरी. मी का लहान लेकरू हावो?"

मग ऐश्वर्या बोलली. ओट्याकडे पाहत, कोथिंबिरीची पानं एकेक खुडत. नागसेननं त्या घरी आधी स्वतः फोन केला होता. मराठीत. मुद्दाम चांगल्या मराठीत, फोन करण्याआधी दोनदा घसा साफ करून; ती बाजूलाच बसली होती, तिनं स्पीकरवर सगळं ऐकलं. तिकडचा माणूस फार गोड बोलत होता. अरे वा, मराठी का, भिलाईला मराठी माणसं आहेत होय! या ना, या. आमच्याकडे हॉटेल नाही हो, घरच्यासारखंच. आमच्याच स्वैपाकघरातलं जेवण, आमच्याच पंक्तीला. नाव काय आपलं? नागसेन. अच्छा. आणि आडनाव? खोब्रागडे. अच्छा अच्छा. मूळचे कुठले? भंडारा. असं का. जरा थांबा हं. आणि मग ऐश्वर्याला कळलं नाही काय झालं ते, फोनवर थोडा वेळ काहीच नव्हतं, आणि मग तोच गोड माणूस म्हणाला की त्या तारखांना आमचे घरचेच पाहुणे यायचे आहेत, मी विसरलोच होतो बघा. नागसेननं थँक्यू म्हटलं. थँक्यू म्हटलं, आई! मग तो उठून बाल्कनीत गेला. मग परत आला आणि म्हणाला, तू लगा. हिंदी में. तेरे नाम से. वर्मा बोल. ऐश्वर्यानं लावला. वर्मा, रायपूर. त्याच तारखा. तोच माणूस. हां हां मॅडम, बिलकुल खाली है, आइए ना.

ललिताच्या हातात उलथनं होतं. तव्यावरची पोळी एका बाजूनं काळी व्हायला लागली, धूर निघाला, आणि ती पाहत राहिली. धक्का बसला की माणूस ओरडतो, खाली बसतो, असं म्हणतात. तिच्या बाबतीत असं काही झालं नाही. तिचा एक एक अवयव फक्त तिच्यापासून वेगळा व्हायला लागला. हात वेगळा, उलथनं धरलेला. पाय वेगळे, फरशीवर. कान तर कुठं दूरच, त्या स्पीकरवर, त्या थोड्या वेळापाशी जिथं 'काहीच नव्हतं'. ऐश्वर्याला काहीच नव्हतं. ललिताला माहीत होतं तिथं काय होतं. एक्सचेंजमध्ये बसून ती दुसरं काही शिकली नसेल, पण फोनवरची चूप ती शिकली होती. लाईन मेली की चूप पोकळ असते, विहिरीसारखी. माणूस विचार करत असतो तेव्हा चूप श्वास घेते. आणि माणूस जेव्हा रिसीव्हरवर पंजा ठेवून बाजूच्याला काही विचारतो, तेव्हा चूप मांसाची असते. गरम, दाबलेली, रक्त वाहतं तशी. त्या माणसानं पंजा ठेवला होता. पंज्याच्या पलीकडं कुणाला तरी म्हणाला होता, भंडाऱ्याचे आहेत, खोब्रागडे. आणि पलीकडच्या कुणीतरी, ज्या बाईशी ललिता झोपाळ्यावर बसून बोलणार होती त्या बाईनं, नुसती मान हलवली होती.

नाव काय, आडनाव काय, मूळचे कुठले. तीन प्रश्न. कानाला कसे पाहुणचारासारखे लागतात. पाण्याचा तांब्या पुढं करावा तसे. आणि हातात येतो तो तांब्या नसतो, चिमटा असतो. घरच्यासारखं म्हणजे काय, हे तिला आता कळलं. घरच्यासारखं असतं म्हणूनच विचारावं लागतं. हॉटेलवाला कशाला विचारेल? त्याला काय करायचं तुमच्या आडनावाशी? घर म्हटलं की उंबरा आला आणि उंबरा म्हटला की हे आलं. दोनशे वर्षांचा वारसा, फोटोखाली लिहिलं होतं. खोटं नव्हतं लिहिलं. तोच जपून ठेवलाय त्यांनी, कौलांसकट. त्या विहिरीचा रहाट ती बोटांनी मोठा करकरून पाहत होती! दोनशे वर्षांत आपल्यातल्या कुणाचा हात लागला असेल त्या दोराला?

"आई, रोटी," ऐश्वर्या म्हणाली आणि तिनं गॅस बंद केला.

नागसेन बाहेरच्या खोलीत टॅक्सीवाल्याचं पाहत होता. ललिता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, उलथन्यासकट. जानरावनं टीव्हीवरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहून तोही सरळ बसला.

"तू थ्याच घरी बुकिंग केलं?"

नागसेननं दाराशी उभ्या असलेल्या ऐश्वर्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. तो काही खोटं बोलला नाही. तेवढं बरं.

"हाव."

"ज्यानं नाई म्हनलं, थ्याच घरी?"

"हां, त्याच घरी."

"दुसरं घर नोतं समुद्रावर? साऱ्या समुद्राले एकच घर हाये का?"

"होती. दुसऱ्या एका ठिकाणी पण लावला होता मी. तिथं त्यानं आडनाव ऐकून सरळ फोनच कापला. नेटवर्क असेल, मी म्हटलं. मी अजूनही म्हणतो नेटवर्क असेल." तो हसला, ते हसू पाहवत नव्हतं. "आणि मला तेच घर पाहिजे होतं. उसी घर में. त्याच्याच खाटेवर झोपायचं, त्याच्याच ताटात जेवायचं, त्याच्या पंक्तीला. त्याच्या बायकोनं आपल्याला वाढायचं. और उसको पता भी नहीं चलेगा. चार दिवस झोपाळ्यावर पाय हलवून येऊ. जीत के आएंगे, आई. समजून नाही राहिली तू?"

"तोंड शिवून जिंकाचं?"

"तोंड कुठं शिवायचं? हिंदी बोलायची फक्त."

"तुह्या बापाले गळ्याचा आजार लावून?"

त्यानं लॅपटॉप मिटला.

"तुये आजोबा गाव सोडून इथं माती वाहाले आले," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला, "कावून, तं नाव सांगता यावं म्हनून. आन् तू विमानाचं तिकीट काढून तिथं चालला, नाव लपवाले?"

"मग काय करू? भांडू? कम्प्लेंट करू? तो काय म्हणाला? पाहुणे आहेत म्हणाला. पाहुणे असणं गुन्हा आहे का? कुठं लिहून दिलंय त्यानं? काही दाखवता येतं का, आई? हवा आहे ती, हवा! मी ऑफिसमध्ये कुणाला सांगितलं तर म्हणतील, यार तू जास्त सोचता है." त्याचे डोळे भरले होते आणि त्याला त्याचाच राग येत होता. "मला फक्त तुला समुद्र दाखवायचा होता. फोटो पाहून पाहून तुझं... किती वेळा पाहत होती तू तो फोटो. मी काय सांगणार होतो तुला? आई, त्या घरात आपल्याला नाही घेत?"

"काय झालं?" जानराव ओरडला. "कोनाले नाई घेत?"

जानरावनं एकेकाचं तोंड वाचायचा प्रयत्न केला. मग तो म्हणाला, "महाड तं घ्याच लागते," आणि हे इतकं वेळेवर आलं की ललिताला हसू आलं. हसता हसता तिला खाली बसावं लागलं, नागसेनच्याच बाजूला, आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती. लहानपणी ताप आला की अशीच व्हायची. तिला पोराचा राग आला नव्हता. तेच तर भयंकर होतं. राग यायला पाहिजे तिथं तिला समजलं होतं. तिनं स्वतः जन्मभर काय केलं? 'एक्सचेंज, नमस्कार.' बिननावाचा आवाज. लोक म्हणायचे ऑपरेटर मॅडमचा आवाज किती साफ आहे. त्या साफ आवाजाला आडनाव नव्हतं, म्हणून साफ होता. तिनंही एक हिंदी पांघरली होती आणि त्याला नोकरी म्हटलं होतं. पोरगं तेच पांघरूण घेऊन कोकणात निघालं, तर तिला कोणत्या तोंडानं... पण तरी. तरी. बाबाराव विडीचा धूर सोडून म्हणाले होते, वास येत नाही. ते म्हणाले नव्हते की नाव नाही.

त्या दिवशी पोळ्या बाहेरून आल्या. जाण्याचं रद्द करायचं की नाही हे कुणी काढलं नाही. ते घरभर होतं, गॅस सुटल्यासारखं, काडी कोण ओढतो याची वाट पाहत. ललिताला समुद्र अजून पाहायचा होता. हे ती स्वतःपासून लपवू शकत नव्हती. एवढं सगळं कळूनही ती निळी पट्टी डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि या हावरेपणाची तिला शिसारी येत होती, आणि ही शिसारीसुद्धा आपली नाही, त्यांनीच आपल्यात ठेवली आहे, असंही वाटत होतं. समुद्रानं काय केलं? समुद्र त्यांच्या बापाचा आहे का?

संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला. नागसेन गाडी पुसायला खाली गेला होता, ऐश्वर्या वरच्या मजल्यावर वाळलेले कपडे दोरीवरून काढत होती. तिचा फोन इथंच टेबलावर, आणि तो वाजायला लागला. जानरावला दिवा लागलेला दिसला. "कोनाचा तरी आला," तो म्हणाला. ललितानं पाहिलं. स्क्रीनवर ऐश्वर्यानं नाव साठवलं होतं: मालवण होमस्टे.

ती घेणार नव्हती. हात गेला. आयुष्यभर वाजणाऱ्या गोष्टीकडे जाण्याची सवय असलेला हात. कानाला लावता लावता ओठांवर 'एक्सचेंज' येऊन थांबलं.

"नमस्ते, वर्मा मॅडम?" आवाज खरंच गोड होता. गुळाचा. मागं वारा वाजत होता, आणि वाऱ्याच्या मागं आणखी काही. "वो पूछना था, आप लोग मच्छी खाएंगे ना? हमारी मिसेस खुद बनाती हैं. घर जैसा ही है सब. और कितने लोग, सबका नाम बोल दीजिए."

ललितानं जानरावकडे पाहिलं. तो तिच्या ओठांकडे पाहत होता. तिनं श्वास घेतला. स्वैपाकघरात घोटलेलं 'मला' जिभेच्या टोकाशी तयार होतं, स्वच्छ, इस्त्री केलेलं. तिनं ते गिळून टाकलं.

"मच्छी चालते आमाले," ती म्हणाली. एक्सचेंजच्या आवाजात, एकेक अक्षर वेगळं करून, जसं ती बड्या साहेबांना ट्रंक कॉलचा नंबर सांगायची. "चार जन हावो आमी. नावं घ्या लिहून. ऐश्वर्या माही सून हाये. पोरगा नागसेन. त्यानं पयले तुमाले फोन केला होता, तुमच्या घरी पाहुने होते तवा. मालक जानराव. आन् मी ललिता. आडनाव चौघायचं एकच. खोब्रागडे. नीट आयकू आलं का? खो-ब्रा-ग-डे. मूळचे भंडाऱ्याचे. येऊ का आमी? मले तुमच्या तोंडून पाहिजे, हो का नाई. पाहुन्यायचं नका सांगू."

आणि तिकडून पंजा आला. तिला तो येताना ऐकू आला, कातडीचा घासल्यासारखा आवाज, आणि मग ती मांसाची चूप, गरम, दाबलेली. पंज्याच्या आत कुणीतरी कुणालातरी काही म्हणालं. शब्द कळत नव्हते. पण माणसाच्या पंज्याला फटी असतात. बोटांच्या मधून काहीतरी आत येत होतं, जात होतं, पुन्हा येत होतं. आधी तिला वाटलं त्याचाच श्वास आहे. मग कळलं, एवढा मोठा श्वास माणसाचा नसतो.

एक्सचेंजमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, ऑपरेटर आधी कधी लाईन सोडत नाही. समोरच्या बोर्डावरचा दिवा विझेपर्यंत वायरची पिन ओढायची नाही. तिनं फोन कानावर घट्ट दाबला. जिन्यावर नागसेनची पावलं वाजली आणि दाराशी येऊन थांबली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"कोन हाये व?" जानराव ओरडला.

"समुद्र हाये!" तीही ओरडली, त्याला ऐकू जावं म्हणून, आणि तिकडं ऐकू जावं म्हणून.

"काय म्हन्ते?"

"अजून काई नाई म्हनला. मी हावो लाईनवर."